रोग्याचे रक्त, जनतेचा पैसा आणि कुलूपबंद शोधनिबंध

शोधनिबंध म्हटले की हा आपला प्रांत नव्हे, तो प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ मंडळींचा विषय आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वास्तविक वैद्यकातील जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधाच्या मुळाशी आपल्यासारखाच एखादा माणूस असतो. त्याने आपले रक्त तपासणीला दिलेले असते, नवे औषध स्वतःच्या शरीरावर घेऊन पाहिलेले असते, किंवा दारात आलेल्या सर्वेक्षकाला घरातील दगावलेल्या मुलाची माहिती सांगितलेली असते. आणि त्या संशोधनाचा खर्च पुष्कळदा कुठल्या ना कुठल्या देशातील करदात्यांच्या पैशांतून झालेला असतो. मग त्यातून जे ज्ञान निर्माण झाले ते वाचण्याचा अधिकार कोणाला? या साध्या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनी, विशेषतः वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण आणि समाजकार्य या शाखांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक उदाहरण पाहू. पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा एक लहानसा देश आहे. शेजारच्या गिनी देशात डिसेंबर २०१३ मध्ये इबोला या भयंकर विषाणूजन्य तापाची साथ सुरू झाली. ती ओळखू यायलाच मार्च २०१४ उजाडला, आणि तोवर रोग सीमा ओलांडून लायबेरियात शिरला होता. ८ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली व ११ हजारांहून अधिक मरण पावले. त्यांतील ४८०० हून अधिक मृत्यू एकट्या लायबेरियातले. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या कित्येक डॉक्टरांचा व परिचारिकांचाही बळी गेला. इबोला हा तर मध्य आफ्रिकेतला रोग, तो इकडे कसा आला, असे आश्चर्य त्या वेळी जगभर व्यक्त झाले.

एप्रिल २०१५ मध्ये लायबेरियाच्या आरोग्य खात्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्निस डान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात एक लेख लिहिला आणि हे आश्चर्य किती पोकळ होते ते दाखवून दिले. जुने साहित्य चाळताना त्यांच्या हाती १९८२ सालचा एक शोधनिबंध लागला होता. जर्मन संशोधकांनी लायबेरियातील लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले होते व त्यांतील काहींत इबोलाची प्रतिपिंडे, म्हणजे पूर्वी लागण होऊन गेल्याची खूण, त्यांना आढळली होती. लायबेरियाचा समावेश इबोलाच्या क्षेत्रात करावा लागेल आणि तेथील दवाखान्यांतील सेवकांनी सावध राहिले पाहिजे, नाहीतर दवाखान्यातूनच साथ पसरेल, असा इशारा त्या निबंधात होता. बत्तीस वर्षांनी नेमके तेच घडले.

हा निबंध कोणी लपवून ठेवला नव्हता. तो युरोपातील एका नियतकालिकात रीतसर छापून आला होता. परंतु तो लिहिणाऱ्यांत लायबेरियाचा एकही संशोधक नव्हता. रक्त लायबेरियाचे, प्रयोगशाळा परक्या देशातली आणि छपाईही तिकडचीच. पुढे इंटरनेटचे युग आले, जुने अंक संगणकावर चढले, तेव्हा असा एक निबंध उतरवून घेण्याची किंमत होती ४५ डॉलर. डॉ. डान यांनीच हिशेब दिला आहे, की ही रक्कम म्हणजे लायबेरियातील डॉक्टरच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. आपल्याच देशबांधवांच्या रक्तात काय सापडले हे कळण्यासाठी अर्ध्या आठवड्याची कमाई मोजायची!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो निबंध फुकट मिळाला असता तर साथ टळली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९८९ ते २००३ या काळात लायबेरिया यादवी युद्धांत होरपळून निघाला होता. साथ आली तेव्हा चाळीस लाखांहून अधिक लोकवस्तीला डॉक्टर होते पन्नासच्या आसपास. दवाखान्यांत हातमोजे नव्हते, कित्येक ठिकाणी पाणी आणि वीज नव्हती. इशारा वाचला असता तरी हातमोजे आणायला पैसा कुठून येणार होता? उलट बाजूही तितकीच खरी. हातमोजे असते, पण ताप-उलट्यांचा रोगी इबोलाचा असू शकेल ही शंकाच मनात आली नसती, तर ते मोजे घालण्याची सूचना कोणी दिली असती? ज्ञान आणि निधी ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. आज जगात जी चर्चा चालते ती बहुधा एका वेळी एकाच चाकाची असते, आणि माझ्या मते तिचा दोष तोच आहे.

आता शोधनिबंधाला कुलूप लागते कसे, ते पाहू. संशोधकाला सरकारकडून किंवा एखाद्या न्यासाकडून अनुदान मिळते. तो काम करतो, निबंध लिहितो आणि नियतकालिकाकडे पाठवतो. त्याबद्दल त्याला मानधन नसते. नियतकालिक तो निबंध त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवते, आणि हे तज्ज्ञही बहुतेक ठिकाणी विनामूल्य काम करतात. निबंध स्वीकारला गेला की लेखक आपले हक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो. नंतर त्याच संशोधकाच्या विद्यापीठाचे ग्रंथालय ते नियतकालिक भारी वर्गणी भरून विकत घेते. म्हणजे शेतकऱ्याने धान्य फुकट द्यावे, शेजाऱ्याने ते फुकट निवडून द्यावे आणि मग दोघांनीही तेच धान्य दुकानातून चढ्या भावाने आणावे, तशातला प्रकार. या धंद्यातील एका मोठ्या प्रकाशन समूहाच्या वैज्ञानिक विभागाचा नफा अलीकडील वर्षांत उलाढालीच्या शेकडा ३७-३८ असा राहिला आहे. संपादन, छपाई, संगणकावरील जतन यांना खर्च येतो, हे कोणी नाकारत नाही. पण हा आकडा नुसत्या खर्चाचा खचितच नव्हे.

याविरुद्ध आवाज उठला तो वैद्यकातूनच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तत्कालीन संचालक, नोबेल पारितोषिक विजेते हॅरॉल्ड वार्मस यांनी १९९९ साली अशी योजना मांडली, की जीवशास्त्र व वैद्यकातील सर्व निबंध एका सार्वजनिक संगणकीय भांडारात कोणालाही विनामूल्य वाचायला मिळावेत. प्रकाशकांनी कडाडून विरोध केला. तरीही २००० साली ‘पबमेड सेंट्रल’ हे भांडार सुरू झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे शोधनिबंधांची सर्वांना मुक्त उपलब्धता, हे नाव रूढ झाले. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने २००५ पासून आपल्या अनुदानावरील निबंध खुले करण्याची अटच घातली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याच वर्षी संशोधकांना तशी नुसती विनंती केली होती. विनंतीला मान देणारे शेकडा पाचसुद्धा निघाले नाहीत. २००८ साली कायद्याने सक्ती झाली तेव्हा मात्र निबंध जमा होऊ लागले, आणि तेही प्रकाशनानंतर बारा महिन्यांच्या आत खुले करण्याच्या सवलतीसह. चांगुलपणाला आवाहन आणि कायद्याची अट यांत किती अंतर असते, हे कळण्यासाठी एवढा एक दाखला पुरे.

गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २००२ मध्ये ‘हिनारी’ नावाची योजना काढली. मोठ्या प्रकाशकांनी आपली नियतकालिके अतिगरीब देशांतील संस्थांना फुकट आणि त्यांच्यावरच्या पायरीवरील देशांना अल्प शुल्कात द्यावीत, असा तो करार होता. लायबेरियासारखे देश त्यात बसत होते. पण प्रवेश मिळे तो संस्थेला, नोंदणी करून, आणि जेथे संगणक, वीज व इंटरनेट आहे तेथेच. भारताचे दरडोई उत्पन्न त्या वेळी वर्षाला एक हजार डॉलरच्या कितीतरी खाली होते, तरी भारत या यादीत नव्हता. कारण उघड होते. भारतात प्रकाशकांची वर्गणीची विक्री बरी चालत होती, आणि चालत्या दुकानात दानधर्म कोण करणार? दात्याच्या मर्जीवर चालणाऱ्या योजनेत गरिबीची व्याख्यासुद्धा दाताच करतो.

याउलट खुद्द मुंबईत एक वेगळी वाट दिसली. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापक-डॉक्टरांचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक १९५५ पासून निघते. डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशन संस्था काढली आणि अशा भारतीय वैद्यकीय नियतकालिकांचे अंक संगणकावर सर्वांना खुले केले. वाचकाकडून पैसे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी चालूच. फुकट वाचायला मिळाल्यावर वर्गणीदार पळतील ही भीती खोटी ठरली, उलट दूरदूरच्या देशांतून वाचक आणि लेखक येऊ लागले. पुढे २०११ साली ही संस्था एका बड्या परदेशी प्रकाशकाने विकत घेतली, तो भाग निराळा. पण मुक्त उपलब्धता ही श्रीमंत देशांची चैन नाही, हे परळच्या एका सरकारमान्य वैद्यकीय महाविद्यालयाच्या अंकाने दाखवून दिले होते.

याहून जुने आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे उदाहरण क्षयरोगाचे आहे. १९५० च्या दशकात क्षयाचा रोगी म्हणजे आरोग्यधामात महिनोन्‌महिने विश्रांती, दूध, अंडी, मोकळी हवा, अशी समजूत होती. देशात रोगी लाखांनी आणि खाटा मात्र काही हजार. १९५६ साली मद्रास येथे एक केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चार सार्वजनिक संस्थांचा त्यात वाटा होता. शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला तीच औषधे देऊन घरीच राहू दिले. घरच्या गटाचे जेवण निकृष्ट होते, खोल्यांत दाटी होती आणि कामाचे कष्टही अधिक होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखेच लागले! रोग्याला घरी ठेवल्याने कुटुंबातील इतरांना अधिक लागण झाली, असेही आढळले नाही. याचा अर्थ असा, की औषध नियमित मिळाले तर झोपडीतला रोगीही बरा होतो.

हा अहवाल १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये सविस्तर छापला गेला. आजही तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्या निष्कर्षावर पुढे जगभर क्षयरोग्यांना घरी ठेवून उपचार करण्याची पद्धत रूढ झाली आणि आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. संशोधन सार्वजनिक पैशातून, प्रसिद्धी सार्वजनिक संस्थेच्या पत्रिकेत आणि त्यानुसार औषधे देण्याची जबाबदारीही सरकारी कार्यक्रमावर, अशा तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. दुर्दैवाने क्षय अजून गेलेला नाही. २०२३ या वर्षात जगात सुमारे १२.५ लाख माणसे क्षयाने मेली, आणि जगातील दर चार नव्या रोग्यांमागे एकाहून थोडे अधिक रोगी भारतातले होते. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा विषाणूची जनुकीय माहिती जानेवारीतच जगासमोर ठेवली गेली आणि मोठ्या प्रकाशकांनी कोविडविषयक निबंधांची कुलुपे काही काळासाठी काढली. जे श्रीमंतांनाही होणाऱ्या रोगाबाबत काही आठवड्यांत जमले, ते क्षयाबाबत का जमू नये, असे विचारणे उद्धटपणाचे ठरू नये.

अलीकडे कुलूप दुसऱ्या दाराला लागले आहे. वाचकाला फुकट मिळावे म्हणून आता पुष्कळ नियतकालिके लेखकाकडून शुल्क घेतात. ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकाने २०२० साली असे शुल्क जाहीर केले ते एका निबंधास ९५०० युरो! इतक्या पैशात आपल्याकडील एखाद्या जिल्ह्यातला छोटा अभ्यासच पार पडेल. पूर्वी गरीब देशातला डॉक्टर वाचू शकत नव्हता, आता त्याला वाचता येते पण लिहिता येत नाही. याचाच फायदा घेऊन, पैसे भरा आणि आठवड्यात निबंध छापून घ्या, असे सांगणारी बनावट नियतकालिकेही बोकाळली आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून सावध राहावे. गेट्स फाउंडेशनने जानेवारी २०२५ पासून असे लेखक-शुल्क देणे बंद केले आणि छपाईपूर्व मसुदाच सर्वांसाठी खुला ठेवण्याची अट घातली, हे पाऊल मला योग्य वाटते.

भारत सरकारने निराळा मार्ग धरला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि ६३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यामुळे मोठाच लाभ झाला, यात शंका नाही. परंतु हे घर भाड्याचे आहे. करार संपला की किल्ली परत द्यायची. शिवाय खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता, शिक्षण संपवून गावी परतलेली परिचारिका हे या घराच्या बाहेरच राहतात.

आता दुसऱ्या चाकाकडे, म्हणजे निधीकडे वळू. आरोग्य संशोधनाचा विचार करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली असा हिशेब मांडला होता, की १९८६ साली जगात आरोग्य संशोधनावर सुमारे ३० अब्ज डॉलर खर्च झाले आणि त्यांतील विकसनशील देशांच्या खास प्रश्नांच्या वाट्याला शेकडा ५ आले. टाळता येण्यासारख्या अकाली मृत्यूंचा शेकडा ९३ भार मात्र त्याच देशांवर होता. ज्या रोगांचे निबंधच लिहिले गेले नाहीत, ते खुले तरी कसे करणार?

एड्सच्या बाबतीत चित्र थोडे बदलले. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तोवर त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे, औषधाला मिळत नसे, म्हणून हे शक्य झाले. किंमत आवाक्यात आल्यावर पैसा उभा करणेही व्यवहार्य वाटू लागले. जानेवारी २००२ मध्ये एड्स, क्षय व हिवताप यांच्यासाठी जिनिव्हा येथे ग्लोबल फंड स्थापन झाला, २००३ साली अमेरिकेने एड्ससाठी स्वतंत्र योजना सुरू केली आणि आफ्रिकेत लाखो लोकांना औषध मिळाले.

पण जो पैसा दुसऱ्याच्या अंदाजपत्रकातून येतो तो दुसऱ्याच्या निवडणुकीबरोबर जाऊही शकतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने परदेशी मदत गोठवली आणि जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. १९६१ पासून चालत आलेल्या ‘यूएसएड’ या मदत संस्थेचे कामकाज १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे थांबले. आणि योगायोग असा, की त्याच १ जुलैपासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा नवा नियम लागू झाला: तिच्या अनुदानावरील निबंध बारा महिने न थांबता, प्रकाशित होताच सर्वांना खुले. एकाच सरकारने एकाच दिवशी वाचनालयाचे दार उघडले आणि दवाखान्याचे लोटून घेतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लोबल फंडाने पुढील तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलरची अपेक्षा ठेवली होती, तेव्हा वचने मिळाली ती ११ अब्जांहून थोड्या अधिक रकमेची.

या घडामोडीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. गरीब देशांतील बालमृत्यू, कुपोषण, लसीकरण यांची घरोघर पाहणी करणारा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम यूएसएडच्या पैशावर १९८४ पासून चालू होता. त्याची आकडेवारी अभ्यासकांना विनामूल्य मिळे आणि त्यावर हजारो निबंध लिहिले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो थांबवण्याचा आदेश आला. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ साली सुरू झाली ती याच कुळातली, आणि तिचे काम देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. भारताजवळ स्वतःची संस्था आहे, माणसे आहेत आणि पैसाही आहे. म्हणून आपल्या पाहणीचे भवितव्य वॉशिंग्टनच्या हाती नाही. आफ्रिकेतील कित्येक देशांना तसे म्हणता येत नाही. मूल का मेले हे मोजणेच थांबले, तर पुढचा इशारा छापला जाणार कोठे आणि वाचणार कोण?

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे उपयोगाचे सांगतो. वैद्यकातील कोणताही विषय शोधायचा असेल तर पबमेड या संगणकीय सूचीत शोधावा, तेथे निबंधाचा सारांश सर्वांना मिळतो. पूर्ण निबंध खुला असेल तर पबमेड सेंट्रलचा दुवा शेजारीच दिसतो. नुसत्या सारांशावर विसंबून निष्कर्ष काढू नये, कारण किती रोगी तपासले आणि किती मध्येच गळाले हे पुष्कळदा आतल्या पानांतच कळते. निबंध कुलूपबंद असल्यास पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा ई-मेल पहिल्या पानावर दिलेला असतो. त्याला दोन ओळींचे सभ्य पत्र लिहावे. पुष्कळ लेखक आनंदाने प्रत पाठवतात, त्यांनाही वाचक हवाच असतो. आणि सुरुवात आपल्या घरापासून करायची असेल, तर कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रके विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या जिल्ह्याचे पत्रक उतरवून घ्यावे आणि किती मुलांना सर्व लसी मिळाल्या, किती स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे आकडे आपल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवून त्याविषयी विचारणा करावी.